प्लास्टरची वेलबुट्टी पुन्हा पुन्हा काढून चित्रकला येते का?

आपल्या मुलीला चित्रकलेच्या वर्गात दोन महिने युरोपातील प्रबोधनकाळाच्या वेलबुट्टीचे प्लास्टरचे नमुने काढायला लावत आहेत आणि त्यात तिचा वेळ वाया जात आहे का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः रेखांकन शिकवतो. माझे मत असे की हा वेळ सत्कारणी लागतो, मात्र नमुना कसा काढून घेतला जातो, यावर बरेच अवलंबून आहे.

चेहरा काढताना नाक-डोळे इतके ओळखीचे असतात की विद्यार्थी समोर न पाहताच ते काढून मोकळा होतो. अकँथसच्या, म्हणजे या नक्षीत नेहमी येणाऱ्या खोल कातरलेल्या पानांच्या झाडाच्या, पानाच्या बाबतीत तशी सोय नसते. नवशिका मुलगा कातरलेल्या कडेपासून सुरुवात करतो आणि चार कातरे झाले की त्याचे पान वाकडे होते. त्याला कडा पुसायला लावून आधी देठापासून टोकापर्यंतची मधली शीर एका वळणात काढायला सांगितले, मग पानाच्या प्रत्येक कातरलेल्या भागाची शीर त्या मधल्या शिरेला हळूच बिलगत खाली उतरते हे बोटाने दाखवले, की कडा जवळजवळ आपोआप जागेवर बसते. वेलीचेही तसेच आहे: फांदी मूळ देठातून काटकोनात फुटत नाही, त्याच्याच ओघात सुटते. एकदा हे डोळ्यांत भरले की पुढे मनुष्याकृतीतला खांदा आणि दंड यांचा जोडही विद्यार्थी त्याच नजरेने पाहू लागतो. शिवाय या नक्षीचा उठाव अगदी कमी असल्यामुळे छायेच्या बारीक पायऱ्या ओळखाव्या लागतात. नुसता काळा रंग गिरवून भागत नाही.

ही नक्षी घडवणारे कलावंतही असेच शिकले होते. १४८० च्या सुमारास रोममध्ये प्राचीन सम्राट नीरोच्या राजवाड्याची मातीखाली गाडलेली दालने सापडली आणि चित्रकार दिव्यांच्या उजेडात तिथल्या भिंतींवरील नक्षी उतरवून घेऊ लागले. प्रबोधनकाळातील चित्रकार राफाएलचा सहकारी जोव्हान्नी दा उदिने याने तिथले गिलाव्यातले उठावकामही अभ्यासले आणि संगमरवराची भुकटी व चुना वापरून तशी कृती पुन्हा साधली. १५१९ मध्ये पूर्ण झालेल्या व्हॅटिकनमधील पोपच्या राजवाड्याच्या सज्जात त्या प्राचीन नक्षीच्या जोडीला त्याने स्वतः निरखलेले पक्षी, मासे आणि फळे आली. नकलेतून स्वतंत्र रचना कशी उगवते, याचा याहून सुंदर दाखला मला ठाऊक नाही.

म्हणून माझी विनंती अशी की मुलीचे कागद एकदा पाहावेत. पानाखाली मूळ वळणाच्या फिकट रेषा दिसत असतील तर अभ्यास योग्य दिशेने चालला आहे. नुसत्या घोटीव कडा आणि गुळगुळीत छाया दिसत असतील, तर नमुना झाकून तेच पान आठवणीने काढायला तिला सांगावे, आणि मग एखाद्या कुंडीतल्या खऱ्या वेलीसमोर बसवावे.