पेटीतलं डोकं आणि आपण

मागच्या अंकात, लहानपणी ज्या स्वस्तातल्या भुताच्या पिक्चरनी आपली झोप उडवली त्यांच्याबद्दल मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतके मेसेज आलेत की ह्या वेळी सगळा कॉलम त्यालाच. काही प्रश्न थोडे छोटे केलेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी ४७ वर्षांचा, राहायला इंदिरानगर. लहानपणी मे महिन्यात पंचवटीत मामाच्या वाड्यात व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्याने आणायचे, रात्रभरात तीन पिक्चर. एका वर्षी त्यातला दुसरा होता 'पुराना मंदिर'. संडास मागच्या अंगणात, त्यामुळे त्या रात्री आम्ही पाच भावंडं एकमेकांचे शर्ट धरून गेलो आणि चौघं बाहेर रामरक्षा म्हणत उभे. मागच्या महिन्यात तोच पिक्चर मोबाईलवर माझ्या १२ वर्षांच्या मुलाला दाखवला तर तो म्हणे पप्पा मेकअप दिसतोय की, आणि लोळून हसला. मला खरंच वाईट वाटलं. आम्ही नक्की कशाला घाबरत होतो?

उत्तर : दादा, वाईट वाटणारच. तो पिक्चरला हसला, पण तुम्हाला वाटलं की त्या अंगणात उभ्या असलेल्या पाच पोरांना हसला.

आता कशाला घाबरत होतो ते सांगते, माझ्यापुरतं तरी. माझं लहानपण भद्रकालीजवळच्या वाड्यात गेलं, दिवसभर तांबट लेनमधून भांडी ठोकल्याचा आवाज यायचा आणि रात्री तो थांबला की वाडा एकदम खोल वाटायचा. आमच्या माजघरात आजीची लोखंडी पेटी होती, हिरवा रंग उडालेली, तिचा कोयंडा तुटलेला त्यामुळे कुलूप नाही, आणि झाकण एका कोपऱ्यात वाकलेलं, तिथं बोटभर फट. आत गोधड्या आणि डांबराच्या गोळ्या. मी त्या पेटीवर बसून अभ्यास केलाय, पाढे पाठ केलेत, कधी काही वाटलं नाही. आणि मग शेजारच्यांकडे हा पिक्चर पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, त्यात राजा त्या सैतान सामरीचं डोकं उडवतो, डोकं पेटीत बंद करून हवेलीत ठेवतात आणि धड जुन्या देवळामागं पुरतात, पुढं २०० वर्षांनी दोन्ही एकत्र येतं. बस्स. त्या रात्री आई म्हणाली जा गं, पेटीतली एक गोधडी घेऊन ये. मी माजघराच्या उंबऱ्यावर उभी राहिले, त्या बोटभर फटीकडे बघत, आणि पाय उचलला जाईना. शेवटी आईच आली. त्यानंतर कितीतरी महिने मी त्या पेटीकडे पाठ करून बसले नाही.

म्हणजे बघा, मी सामरीला घाबरत नव्हते, पेटीला घाबरत होते. आणि माझं ठाम मत आहे की हे पैसे कमी असल्यामुळे झालं. ज्यांच्याकडे पैसा असतो ते ५० फुटी राक्षस करतात, शहर पाडतात, आपण आ वासून बघतो आणि घरी येऊन जेवतो, कारण तो राक्षस तिकडेच राहतो. हा पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंकडे तेवढा पैसा नव्हता, मग त्यांनी काय वापरलं, तर दार, कडी, कंदील, जिना, विहीर, पेटी, वारा. हे सगळं आपल्या घरात होतंच. पिक्चर संपला, व्हीसीआर परत गेला, पण सामान घरातच राहिलं ना.

हे लोक काम कसं करायचे तेही मुलाला सांगा. वडील एफ. यू. रामसे आणि सात मुलगे. कुमार लिहायचे, तुलसी आणि श्याम डायरेक्शन, गंगू कॅमेरा, किरण साउंड, अर्जुन एडिटिंग, केशू कॅमेरा आणि प्रॉडक्शन. १९७० साली वडिलांचा एक पिक्चर पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करायला येतात तेवढा सीन बघायला लोक परत परत येत होते, हे पोरांनी थेटरात बसून पाहिलं आणि म्हणाले मग आपण तेवढंच करू. ही गोष्ट त्यांनीच मुलाखतींत सांगितलीय. मग सगळं कुटुंब आणि युनिट बसमध्ये बसवून महाबळेश्वरला नेलं आणि १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. घरातल्या घरात केलेलं काम आहे हो, पापड लाटावेत तसं, एकानं कणीक मळायची, दुसऱ्यानं लाटायचं, तिसऱ्यानं वाळत घालायचं. मेकअप दिसतो हे खरंच आहे, पण हात पण दिसतात त्यात.

आणि एक सांगू का, मोबाईलवर दाखवू नका. हातात मावणारं भूत कोणाला घाबरवणार? रात्री टीव्हीवर लावा, लाइट बंद, आवाज मोठा, आणि पूर्ण पिक्चर तर अजिबात नको, त्यातला कॉमेडीचा भाग मला तेव्हाही लांबण वाटायचा आणि आजही वाटतो. शिवाय ह्या पिक्चरमध्ये बाईला ज्या नजरेनं दाखवलंय ते १२ वर्षांच्या मुलासमोर नको. आपण पाहिलं कारण घरात कोणी पोस्टरवरचा 'ए' बघत नव्हतं. पेटीचा तेवढा भाग दाखवा, आणि त्याच्या आधी अंगणातल्या संडासाची गोष्ट सांगा. गोष्ट आधी, पिक्चर नंतर.

प्रश्न : तो सामरी झालेला माणूस कोण होता? आम्ही मित्र पैज लावून बसलोय, एक म्हणतो रबरी मुखवटा होता. (सातपूर)

उत्तर : अनिरुद्ध अग्रवाल, पडद्यावर अजय अग्रवाल ह्या नावानंही यायचे. शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. उंची आणि चेहऱ्याची ठेवण मूळचीच तशी, मेकअप त्यावर चढवलेला, त्यामुळे मुखवटावाला हरला. १९९० च्या 'बंद दरवाजा'मध्येही तेच आहेत, आणि १९९४ च्या 'बँडिट क्वीन'मध्ये बाबू गुज्जर झालेत, तिथं भूत नाही, माणूस आहे, आणि जास्त भीती वाटते.

प्रश्न : सगळे हिंदीबद्दल बोलतात, पण आमच्या घरात तात्या विंचूनं जे केलं ते कोणी केलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीनं तिची बोलकी बाहुली कपाटात कोंडून वर कडी लावली आणि चावी आईकडे दिली. ती आज दोन मुलांची आई आहे, तरी दुकानात बाहुल्यांच्या रांगेतून जात नाही. पिक्चर तर विनोदी होता, मग असं का? (नाशिकरोड)

उत्तर : ताई, विनोदी होता म्हणूनच तर फसलो. 'झपाटलेला' आला १९९३ ला, लक्ष्या आहे म्हणून घरचे सगळे बिनधास्त घेऊन गेले, मांडीवरच्या पोरांसकट. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू मरताना बाहुल्यात शिरतो आणि तिथून पुढं तो बाहुला. रामदास पाध्यांनी केलेला, म्हणजे ज्यांचा हात बोलक्या बाहुल्यांवर आयुष्यभर बसलाय अशा माणसाचं काम. त्याच्या जबड्याकडे बघा कधी, ओठ हलत नाहीत, नुसता जबडा खाली पडतो आणि खट्कन मिटतो, डोळे मात्र बाजूला सरकतात. लहान मुलाला ते लगेच कळतं, की बोलतोय हा पण बघतोय दुसरीकडे.

आणि परत तेच, बाहुली घरात असतेच. बहिणीला कोणी हसू नका. तिनं कडी लावली, चावी मोठ्या माणसाकडे दिली, एवढ्याशा पोरीनं ह्याहून शहाणपणाचं काय करायचं असतं?

प्रश्न : मी ७८ वर्षांचा, जुना नाशिककर. आमचे आजोबा सांगायचे की फाळक्यांच्या पिक्चरमधला काळिया नाग बघून पोरं थेटरात रडायची. तो पिक्चर आपल्या नाशकातला, हे खरं का?

उत्तर : खरं आहे आजोबा, आणि हे तुम्ही विचारलंत म्हणून मला फार आनंद झाला. दादासाहेब त्र्यंबकेश्वरी जन्मलेले, १८७० ला. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत केला आणि त्याच वर्षी, म्हणजे १९१३ लाच बिऱ्हाड नाशकात आणलं. इथं आल्यावर 'मोहिनी भस्मासुर', म्हणजे काळियाच्याही आधी भस्मासुर झाला बघा. आणि १९१९ ला 'काळिया मर्दन'. त्यात कृष्ण झालीये त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. कृष्ण डोहात उडी मारतो आणि पाण्याखाली त्या भल्यामोठ्या नागाशी झुंजतो. नाग बनवलेला, पाणी कॅमेऱ्याच्या करामतीचं. पिक्चरचा बराच भाग आजही टिकून आहे, नातवंडांना सांगा, ते शोधून देतील.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सुरुवातीलाच थांबले. कारण पिक्चर सुरू होतो तो गोष्टीनं नाही, आधी ती मंदाकिनी येते आणि नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, हसते, रुसते, आणि मग तिचा कृष्ण होतो. म्हणजे बापानं आधी सांगितलं की ही माझी मुलगी बघा, हिला नीट ओळखून ठेवा, आणि मग तिला नागापुढं सोडलं. आणि तरी पोरं रडली! गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर वाढलेल्या पोरांना डोह म्हणजे काय ते सांगावं लागत नाही ना, पावसाळ्यात घरोघरी एकच वाक्य, पाण्याकडे जाऊ नका.

प्रश्न : ताई मी २० वर्षांचा, कॉलेज रोडला असतो. आम्हा चार मित्रांना भुताची शॉर्ट फिल्म करायचीये, बजेट १२,००० रुपये. काय करू काय नको?

उत्तर : अरे कर की! आपल्याच जिल्ह्यात मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या लोकांनी बैलगाडीला क्रेन करून पिक्चर काढलेत, तुझ्याकडे तर मोबाईल आहे.

भूत शेवटच्या मिनिटापर्यंत दाखवू नकोस. घरातली एक वस्तू घे, जी प्रत्येकाकडे असते. माझ्या वेळी पेटी होती, तुझ्या वेळी काय आहे ते तू शोध, वॉशिंग मशीनचं गोल दार असेल, वरचा माळा असेल, रात्री आपोआप थांबणारी लिफ्ट असेल. आधी ती वस्तू तीनदा साधीच दाखव. चौथ्यांदा काही करायची गरजच पडत नाही.

निम्मं लक्ष आवाजावर दे. १९५४ च्या जपानी गॉडझिलाची ती डरकाळी कुठल्या प्राण्याची नाही, डबल बेस नावाच्या मोठ्या तंतुवाद्याच्या तारांवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासला आणि ते रेकॉर्डिंग हळू करून वाजवलं. तू नाशिकचा, ढोल तर गल्लीत मिळेल. ओला अंगठा ढोलाच्या पानावरून, म्हणजे ताणलेल्या कातड्यावरून, दाबून घासत ने, मोबाईलवर रेकॉर्ड कर, स्पीड निम्मा कर आणि हेडफोन लावून ऐक.

रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर, नुसता लाल रंग सरबत दिसतो. बीट नको, गुलाबी पडतं. लाइट एकच ठेव, अर्धवट उघड्या दारामागून येऊ दे. आणि एक गोष्ट मोठी म्हणून सांगते, जुन्या नाशकातल्या रिकाम्या वाड्यात परवानगीशिवाय शिरायचं नाही. पावसाळ्यात ते वाडे पडतात, तिथलं लाकूड आतून गेलेलं असतं. झाली की मला पाठव, मी रात्रीच बघेन.

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षांचा. मोठ्या मुलांनी त्याला मोबाईलवर कुठलीतरी भुताची क्लिप दाखवली, आठ दिवस झाले एकटा झोपत नाही. घरचे म्हणतात भित्रा आहे, हसतात. (सिडको)

उत्तर : आधी हसणं बंद करा, आजच्या आज. बाकी सगळं नंतर. त्याला जवळ झोपू द्या, बारीक दिवा चालू ठेवा, आणि दिवसा उजेडात विचारा की घरातली कुठली जागा नको वाटते. भूत कसं होतं हे विचारू नका, जागा विचारा. तो सांगेल, पलंगाखाली, बाथरूमचा आरसा, काहीतरी सांगेलच. मग दोघं मिळून तिथं जा आणि ती जागा रिकामी करा. माझ्या आईनं हेच केलं होतं. एका रविवारी सकाळी पेटी अंगणात ओढून आणली, माझ्याकडून एकेक गोधडी बाहेर काढून घेतली, उन्हात घातली आणि म्हणाली आता बस आत. मी बसले. गुडघे पोटाशी घेऊन, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. आई झाकण धरून उभी होती, तिनं ते मिटलं नाही. भीती सगळी गेली नाही, पण त्या रात्री गोधडी मी आणली. आणि तुमचं पोर दोन-तीन आठवड्यांत सावरलं नाही, जेवणखाण-शाळा बिघडली, तर डॉक्टरांना नक्की दाखवा.

प्रश्न : आमच्याकडे १९८९ सालची ताईच्या लग्नाची कॅसेट आहे. लग्न तासाभराचं, आणि उरलेल्या टेपवर काकांनी भुताचा पिक्चर कॉपी करून घेतला होता, त्यामुळे आम्ही दरवेळी वरात बघता बघता एकदम हवेलीत जायचो. आता आई नाही, तिचं चालतंबोलतं चित्र एवढंच आहे. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरं काहीतरी दिसतंय. जुना व्हीसीआर मिळालाय, लावून बघू का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : नका लावू! कृपा करून नका लावू. ते पांढरं बुरशी आहे, तशीच चालवली तर टेप चिकटून फाटू शकते, आणि बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला लागली की त्या व्हीसीआरमध्ये लावलेली दुसरी कॅसेटही खराब होते. रिवाइंड पण करू नका. कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवा, कोरड्या जागी, उभी, टीव्ही-स्पीकरपासून लांब, उन्हात तर मुळीच नको. टेप आधी साफ करून मग कॉपी करणारा माणूस शोधा आणि त्याला स्पष्ट विचारा, बुरशीची कॅसेट साफ करता का. गप्प बसला तर परत घेऊन या. जमलं तर कॅसेट स्वतः नेऊन द्या, आणि त्याला सांगून ठेवा की लग्न संपलं म्हणून थांबू नको, शेवटपर्यंत कॉपी कर, वरातीतून हवेलीत जातो तो जोड तसाच राहू दे. कॉपी झाली की दोन ठिकाणी ठेवा, एक तुमच्याकडे, एक ताईकडे.