बाराव्या खुर्चीत मी बसू का?

ताई,
मी वसईचा, कॅथलिक, वय ५८. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) बारा जणांचे पाय धुतले जातात; यंदा ज्यांचे धुतले जाणार, त्यांत फादरांनी माझं नाव घातलंय. माझ्या धाकट्या भावाशी मी सहा वर्षं बोललेलो नाही. वडील गेल्यावर वाडीची वाटणी झाली, तेव्हा त्यानं मला चारचौघांत चोर म्हटलं. नंतर मी माझ्या हिश्शाला भिंत घातली. त्याची बावखलाकडे, म्हणजे वाडीतल्या तळ्याकडे, जायची वाट त्यात बंद झाली, पण तसाही तो आता वाडी बघत नाही. राखेच्या बुधवारी उपासकाळ सुरू झाला, तेव्हापासून मी मटण-मासळी सोडली आहे, दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना चुकवत नाही. तरी त्या खुर्चीत बसायची लाज वाटते. गावाला सगळं ठाऊक आहे. बायको म्हणते, नाही म्हणालात तर फादरांना काय सांगाल? मी काय करू?
— बारावा

सही करताना तुम्ही ‘बारावा’ लिहिलंत ते सहज की मुद्दाम, मला कळलं नाही. मत्तय, मार्क आणि लूक यांनी आपापल्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चरित्रात) त्याच्या बारा शिष्यांच्या याद्या दिल्या आहेत आणि तिन्हींत शेवटचं नाव यहूदाचं आहे, येशूला पकडून देणाऱ्याचं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो, तेव्हा हा यहूदा तिथंच बसलेला आहे. उठून रात्रीच्या अंधारात जातो तो नंतर. म्हणजे त्या रात्री धुतलेल्या चोवीस पायांत दोन त्याचेही होते, आणि धुणाऱ्याला सगळं ठाऊक होतं.

तेव्हा ‘मी लायक आहे का’ हा प्रश्न सोडा. ती खुर्ची चांगल्या वर्तणुकीचं बक्षीस नाही. आमच्या लहानपणी मात्र ती तशीच वाटायची. बाराही जण पुरुष, बहुतेक गावातले प्रतिष्ठित, घरून साबणानं पाय घासून, नखं कापून, इस्त्रीची पँट घालून यायचे. धुवायला काही शिल्लकच नसायचं! २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात केला. तिथं मुलीही होत्या आणि एक मुलगी तर मुसलमान होती. २०१६पासून नियमही बदलला आणि बायकांना त्या बारांत बसता येऊ लागलं. कुणाचे पाय धुवायचे याची यादी अशी हळूहळू रुंद होते आहे. तीत भावाशी अबोला धरलेला एक वसईकरही मावेल.

लाजेबद्दल मात्र थोडं बोलायचंय. पाय कुणी कुणाचे धुवायचे हे आपल्याकडे ठरलेलं असतं. मुलीचा बाप जावयाचे धुतो, यजमान पाहुण्याच्या पायांवर पाणी घालतो, धाकट्यानं थोरल्याचे धुवायचे. येशूच्या काळी ते काम घरातल्या गुलामाचं होतं. त्यानं ते उलटं केलं म्हणून तर त्याचा शिष्य पेत्र बिथरला. ‘माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस’ म्हणाला. ऐकायला विनय वाटतो, पण मला त्यात थोडा ताठाही दिसतो. मी हिशेबात कमी पडलो, मग मला कुणी काही देऊ नये, हा तो ताठा. तुमच्या लाजेतला काही भाग त्यातला असावा. उरलेला भाग भिंतीचा आहे.

भिंतीबद्दलचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. ‘वाट बंद झाली, पण तसाही तो आता वाडी बघत नाही.’ चोर म्हटल्याचं दुःख तुम्ही जपून ठेवलंय, तेही खरंच आहे. चारचौघांत असं ऐकून घेणं सोपं नाही, आणि ते त्यानं कधीतरी मागे घ्यायला हवं. पण येशूच्या पर्वतावरच्या प्रवचनातलं ते वचन आठवा, वेदीपाशी दान आणलंस आणि तिथं आठवलं तर दान तिथंच ठेव, आधी जा, समेट कर. काय आठवलं तर? आपण घाईत ‘माझ्या मनात भावाविरुद्ध काही असलं तर’ असं वाचतो. मत्तयानं लिहिलंय ते उलट आहे, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असलं तर. त्याचं तुमच्याविरुद्ध काय आहे ते तुम्हीच पत्रात लिहिलंय. चिऱ्याचं आहे, सिमेंटनं जोडलेलं आहे.

तुमच्या उपासाला मी हसत नाही. चर्चनं सांगितलेला उपास वर्षातून दोनच दिवस असतो, राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी, तोही वयाच्या १८ ते ५९पर्यंत. मासळी तर त्या दिवशीही वर्ज्य नाही, वर्ज्य आहे ते मांस. वसईच्या माणसानं चाळीस दिवस आपखुशीनं मासळी सोडायची म्हणजे काय, हे मला माझ्या आईमुळे ठाऊक आहे. दारावर कोळीण आली की ती स्वयंपाकघरात जाऊन बसायची, वास नको म्हणून. पण राखेच्या बुधवारनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मिस्सात बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायाचं वाचन असतं. यंदाही तुम्ही ते ऐकलं असेल. मान लव्हाळ्यासारखी लववणं म्हणजे उपास नव्हे, असं देव तिथं खडसावतो. मग त्याला कोणता उपास आवडतो ते येतं. भुकेल्याला भाकर, उघड्याला वस्त्र, आणि शेवटी, स्वतःच्या रक्तामांसाच्या माणसाला तोंड चुकवू नये. बाकीच्या गोष्टी दान देऊन भागतात. ही भागत नाही.

एक सावधगिरी. समेट आणि वाटणी यांची खिचडी करू नका. ‘गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा’ म्हणून एक जण येशूकडे आला होता. लूकच्या बाराव्या अध्यायात आहे. येशूनं सरळ हात झटकले, मला तुमच्यावर न्यायाधीश कुणी नेमलं, म्हणाला. आणि लोभाची गोष्ट सांगितली. भावाला क्षमा केली म्हणून हिस्सा सोडायचा नसतो. सातबाऱ्याचा प्रश्न सातबाऱ्यावर सुटेल. वाट मात्र वेगळी. वडिलांच्या वेळेपासून तो तिथून जात असेल, तर वकीलही तुम्हाला वहिवाटीच्या हक्काबद्दल दोन शब्द ऐकवेल. पण वकिलानं सांगण्याआधी तुम्ही ती उघडलीत, तर फरक पडेल.

कसं करायचं? देवळात नको. मिस्सात एकमेकांना शांती देताना चार बाकं पलीकडून हात जोडणं फार सोपं असतं, त्यानं काही हलत नाही. फादरांना मध्ये घालू नका, बायकांनाही निरोप पोचवायला लावू नका. पवित्र गुरुवारच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आत एखाद्या संध्याकाळी एकटे त्याच्या ओट्यावर जा. जुना हिशेब काढू नका, ‘तू मला चोर म्हणालास’ हे त्या दिवशी तोंडातून येऊ देऊ नका. एवढंच सांगा, की भिंतीत दार पाडतोय, वाट पूर्वीसारखी राहील. तो वाडी बघतो की नाही, हा प्रश्न तुमचा नाही. बावखलात तुम्ही दोघं एकत्र पोहायला शिकला असाल, त्याला तेवढ्यासाठीही तिथं जावंसं वाटू शकतं.

तो दार लावून घेईल, असंही होऊ शकतं. सहा वर्षांचा राग एका संध्याकाळी विझत नाही, आणि गुरुवारच्या आत विझलाच पाहिजे असंही नाही. भिंतीतलं दार तरीही पाडा. प्रेषित पौलानं रोमकरांना पत्रात लिहिलंय ना, तुमच्याकडून होईल तितकं करा. उरलेलं त्याच्याकडे.

गाव बोलेल. खुर्चीत बसलात तरी बोलेल, नाही बसलात तरी. बसलात आणि भिंतीत दार दिसलं, तर दुसरंच काही बोलेल, पण त्याकडे लक्ष देऊ नका.

आणि फादरांना होकार कळवायचा राहिला असेल तर आज फोन करा. एक जण कमी पडला की ऐन वेळी त्यांना कुणालातरी बाकावरून उठवून आणावं लागतं, आणि त्या बिचाऱ्याचे मोजे फाटके निघतात.