थरवरचं झाकण

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा उत्तराचा कागद वाचला. ‘अरवली मोसमी वाऱ्यांना समांतर आहे, म्हणून थरच्या वाळवंटात पाऊस पडत नाही,’ एवढं लिहून तू मोकळी झालीस. पुस्तकात तसंच छापलंय, मार्कही मिळतील. मला मात्र ते पुरत नाही, आणि तुलाही पुरू नये.

एकदा जुलैत मी जैसलमेरला होतो. टपरीवाल्यानं गार पाण्याचा स्टीलचा पेला समोर ठेवला आणि बघता बघता त्याला बाहेरून घाम फुटला. थेंब ओघळून बाकावर ओलं वर्तुळ उमटलं. म्हणजे हवेत बाष्प होतं, चांगलं भरपूर होतं. वारा अरबी समुद्रावरून येत होता. पावसाळ्यातला कमी दाबही याच बाजूला मुक्कामाला असतो. सगळं जमलेलं, तरी तिथला वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास! तुझ्या त्या एका ओळीनं हे कोडं सुटतं का, सांग.

नुसतं बाष्प असून भागत नाही. ओली हवा वर चढली पाहिजे, चढता चढता गार झाली पाहिजे, तेव्हा ढग धरतो. थरच्या वाळवंटावर नेमकं इथंच अडतं. ओल्या हवेचा थर जमिनीलगत जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटरचा. त्याच्यावर पश्चिमेकडून आलेली कोरडी हवा पसरलेली असते, आणि ती खाली उतरत असते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा खालचा भाग कसा तापतो, आठव. हवा दाबली की तापते. उतरणारी हवाही अशीच दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी तापते. खालच्या ओल्या हवेवर असं गरम, कोरडं झाकण बसलं, की ती वर जाणार कुठून?

अरवलीचं म्हणणं खोटं नाही, अर्धवट आहे. त्याच अरवलीतल्या माउंट अबूला वारा डोंगर चढतो, आणि तिथं १५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो.

झाकण कधीतरी फुटतंही. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र सरकत सरकत थेट राजस्थानच्या पश्चिम टोकाला पोचलं, की खालपासून वरपर्यंत सगळी हवाच ओली होते. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातलं कवास गाव पाण्याखाली गेलं. जमिनीखाली जिप्समचा थर, त्यामुळे पाणी मुरेना. माणसं गेली, जनावरं गेली. वाळवंटात लोक पुरात दगावले, ही बातमी वाचून माझं मन कितीतरी दिवस थाऱ्यावर नव्हतं. वाळवंट म्हणजे पाऊस नाहीच, असं शिकवत आलेला मास्तर मी.

आता एक काम कर. हवामान खातं जोधपूरहून मोजमापाचे फुगे सोडतं, त्यांचे आलेख इंटरनेटवर मिळतात. जुलैतल्या एखाद्या बिनपावसाच्या दिवसाचा पहाटेचा आलेख काढ. तापमानाची आणि दवबिंदूची (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं, त्याची) रेघ खाली जवळजवळ असतील, वर गेल्यावर फाकतील; तिथून वर कोरडी हवा, म्हणजे आपलं झाकण. कितव्या मीटरला फाकतात ते बघून मला कळव, आणि मग उत्तर पुन्हा लिही.

तुझे,
सर