सेन्सरचं वेड आणि बी.एड.चा आग्रह

नमस्कार ताई,

पांढरकवड्याहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी रसायनशास्त्र घेऊन टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, पाण्यातले-अन्नातले विषारी घटक ओळखणारे सेन्सर बनवायचे म्हणते. घरचे बी.एड. कर म्हणतात, मामा पुण्यात सॉफ्टवेअरचा कोर्स लावायला निघालेत. आणि तुम्ही विचारताय, यात नोकरी आहे का?

आहे, पण ‘सेन्सर’ या नावानं फारशी नाही. जाहिरातीत ॲनालिटिकल केमिस्ट, क्वालिटी कंट्रोल, आर अँड डी असं लिहिलेलं असतं. त्यामुळे काही महिन्यांत ‘सेन्सर तज्ज्ञ’ करून देणाऱ्या कोर्सवर एक रुपयाही घालू नका.

या विषयात नेमकं अवघड काय, ते आधी सांगतो. साखर तपासायची ग्लुकोमीटरची पट्टी हाही इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरच, म्हणजे रासायनिक क्रियेमुळे विजेत होणारा बदल मोजणारा. ती घरोघरी पोचली, कारण रक्त सगळ्यांचं साधारण सारखंच असतं. विहिरीचं पाणी तसं नसतं. तुमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. भारतीय मानकात लिटरला 1 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. ते मोजायच्या इलेक्ट्रोडमध्ये (पाण्यात बुडवायच्या कांडीत) लँथेनम फ्लोराइडचा स्फटिक असतो. फ्लोराइड दहापट झालं की व्होल्टेज सुमारे 59 मिलिव्होल्टनं बदलतं. पण पाण्यात ॲल्युमिनियम किंवा लोह असलं तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं आणि इलेक्ट्रोड कमी आकडा दाखवतो. पाणी फार अल्कधर्मी असेल तर उलट होतं, आकडा फुगतो. म्हणून आधी टिसॅब नावाचं बफर मिसळावं लागतं; ते पाण्याची आम्लता स्थिर ठेवतं आणि अडकलेलं फ्लोराइड मोकळं करतं.

अन्नात तर आणखी गुंता. ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशकं सेन्सरवर बसवलेल्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमचं काम थांबवतात, करंट घटतो, त्यावरून ती ओळखता येतात. पण द्राक्षाच्या रसातल्या घटकांचा थर इलेक्ट्रोडवर बसला, तरीही करंट घटतोच! मग दोष औषधाचा की रसाचा? युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा निकाल आजही प्रयोगशाळेतली मास स्पेक्ट्रोमीटरची (रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणारी) यंत्रं देतात, त्याचं एक कारण हे. सेन्सरचा उपयोग जागेवरच्या पहिल्या चाळणीसाठी. ही चाळणी भरवशाची करू शकणाऱ्या माणसाला मागणी आहे, नुसती पट्टी छापणाऱ्याला नाही.

तेव्हा तिनं ॲनालिटिकल किंवा फिजिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. करावं. फेब्रुवारीतली जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते, त्यातून आयआयटीचा रस्ता आहे. नाही जमलं तर अमरावती, नागपूरही चालेल. फक्त प्रवेशाआधी एक चौकशी करा: विभागात पोटेन्शियोस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) आहे का, आणि विद्यार्थ्यांना त्याला हात लावू देतात का? (बऱ्याच ठिकाणी यंत्र कपाटात आणि किल्ली सरांकडे.) सोबत तिनं थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी. मामांचा सल्ला तेवढ्यापुरता घ्या.

नवे सेन्सर घडवायचे असतील तर मात्र पीएच.डी. हवी. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा तमिळनाडूत कराईकुडीची सेक्री (केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था) ही त्याची ठिकाणं. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. पण पाचेक वर्षं जातात, लग्नाचा विषय घरात निघणार असेल तर हे आत्ताच बोलून घ्या. लवकर पगार हवा असेल तर एम.एस्सी.नंतर अन्न-पाणी तपासणाऱ्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत. तिथं अन्न-विश्लेषणाचा तीन वर्षांचा अनुभव झाला की एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची फूड ॲनालिस्ट परीक्षा देता येते.

बी.एड. वाईट नाही, पण ते नंतरही होतं. तूर्त कॉलेजात फ्लोराइड इलेक्ट्रोड आहे का ते तिला विचारायला सांगा. गावातल्या दोन-तीन बोअरचं पाणी टिसॅब घालून आणि न घालता मोजू दे. आकडे जुळले नाहीत की ती वही मिटते की पुन्हा नमुना आणायला निघते, तेवढं मला कळवा. बी.एड.चं त्यानंतर बोलू.