पचनसंस्थेच्या कर्करोगात नर्व्ह ग्रोथ फॅक्टरची भूमिका काय असते? त्यावर औषध आहे का?

वडिलांच्या स्वादुपिंडाच्या रिपोर्टमध्ये 'पेरिन्यूरल इन्व्हेजन' लिहिलंय आणि त्याचा अर्थ शोधताना नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ, हे नाव सापडलं, असं तुम्ही लिहिलंय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा स्लाइड नेहमी बघते.

आधी रिपोर्टबद्दल. कर्करोगाच्या पेशी मज्जातंतूभोवतीच्या आवरणात शिरलेल्या दिसल्या, एवढाच त्या ओळीचा अर्थ. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे बहुसंख्य रुग्णांत दिसतं. त्यामुळे तुमच्या वडिलांच्याच बाबतीत काही अघटित घडलंय, असं समजून रात्र जागून काढू नका. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे कमी जणांत आढळतं आणि म्हणूनच तिथे पुढचे उपचार ठरवताना ते जास्त मोलाचं ठरतं.

आता एनजीएफ. हे मज्जातंतूंना वाढवणारं आणि जगवणारं प्रथिन. त्याचा शोधच मुळी एका गाठीमुळे लागला. 1950 च्या सुमारास सेंट लुईसमध्ये रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी उंदराची गाठ कोंबडीच्या भ्रूणावर लावली, तर भ्रूणाचे मज्जातंतू भराभर वाढून त्या गाठीत शिरले. म्हणजे गाठीतूनच काहीतरी स्रवत होतं. या कामासाठी त्यांना स्टॅन्ले कोहेन यांच्यासह 1986 चं नोबेल मिळालं.

स्वादुपिंडात नेमकं हेच होतं. कर्करोगाच्या पेशी एनजीएफ तयार करतात, त्याने आजूबाजूचे मज्जातंतू वाढतात, जाड होतात. एनजीएफ ओळखणारा ट्रक-ए हा रिसेप्टर मज्जातंतूंवर असतो तसा कर्करोगाच्या पेशींवरही असतो. त्यामुळे वाढीचा संदेश दोन्हीकडे पोचतो आणि पेशी मज्जातंतूच्या कडेकडेने पुढे सरकतात. जठरातही असंच चक्र दिसलंय: उंदरांमध्ये मज्जातंतूंतलं ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन जठराच्या अस्तराला एनजीएफ बनवायला लावतं, त्याने आणखी मज्जातंतू येतात. 2014 च्या एका अभ्यासात उंदरांच्या जठराकडे जाणारी व्हेगस नर्व्ह कापल्यावर गाठी कमी झाल्या. ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या नॉरॲड्रेनलीनचाही असा संबंध दिसलाय, पण तोही मुख्यतः उंदरांमध्ये. 'टेन्शन घेतलं म्हणून झालं' असं कुणी वडिलांना ऐकवत असेल, तर कृपा करून थांबवा.

औषधाचं म्हणाल, तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एनजीएफलाच अडवणारं टॅनेझुमॅब मुख्यतः वेदनेसाठी तपासलं गेलं. काही रुग्णांचे सांधे झपाट्याने खराब झाल्याचं आढळलं आणि 2021 मध्ये कंपनीने ते सोडून दिलं. ट्रक रिसेप्टरला अडवणारं लॅरोट्रेक्टिनिब मात्र खरंच वापरात आहे, पण ते एनजीएफ जास्त असलेल्यांसाठी नाही. हा रिसेप्टर बनवणारं एनटीआरके जनुक दुसऱ्या जनुकाला चुकून जोडलं गेलं की रिसेप्टर एनजीएफ नसतानाही चालूच राहतो. औषध त्या मोजक्या रुग्णांसाठी. पचनसंस्थेच्या कर्करोगांत असे रुग्ण शंभरात एकही जेमतेम निघतो. तरीही गाठीच्या नमुन्याची जनुकीय तपासणी होणार असेल, तर एनटीआरके त्यात आहे का, हे ऑन्कोलॉजिस्टना जरूर विचारा.

आणि दुखणं. एनजीएफ वेदना वाहणारे तंतू हळवे करतं. शिवाय स्वादुपिंडाच्या मागेच सिलिॲक प्लेक्सस हे मज्जातंतूंचं जाळं असतं, म्हणून कळ पाठीत जाते. वडील सोसत बसले असतील तर डॉक्टरांना आजच सांगा. गोळ्यांनी भागत नसेल, तर सिलिॲक प्लेक्सस ब्लॉक करता येईल का, हे पेन स्पेशालिस्टना विचारा. सुईने केला जाणारा हा उपाय बऱ्याच जणांना आराम देतो.