किडनी बायॉप्सीच्या दोन बाटल्या

प्रश्न : वडिलांची किडनी बायॉप्सी झाली. तुकडे दोन बाटल्यांत भरून आमच्याच हाती दिले आणि दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये पोचवायला सांगितलं. एकाच बाटलीत का भागत नाही? सोबत बर्फ न्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बर्फ नको, आणि फ्रीजर तर नकोच, बर्फाचे स्फटिक तुकडा आतून फाडतात.

फॉर्मलिनची बाटली नेहमीच्या सूक्ष्मदर्शकासाठी असते. फॉर्मलिनने रचना टिकते, पण प्रथिनं एकमेकांत जखडली जातात. दुसरी बाटली इम्युनोफ्लुओरेसन्सची, म्हणजे चमकणाऱ्या रंगाने प्रथिनं शोधण्याच्या तपासणीची. तिथे प्रथिनं मोकळी हवीत, म्हणून तिच्यात मिशेल द्रावण घालतात. हे अमोनियम सल्फेटचं द्रावण आहे, पीएच ७ च्या आसपास. त्यात तुकडा खोलीच्या तापमानाला काही दिवस टिकतो. नुसत्या सलाइनमध्ये असेल तर मात्र त्याच दिवशी, काही तासांत पोचवा.

लॅबमध्ये तुकडा बफरने धुऊन गोठवतात आणि उणे २० अंशांच्या क्रायोस्टॅटमध्ये (गोठलेले काप घेण्याच्या यंत्रात) ३-४ मायक्रॉनचे काप घेतात. आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी३, सी१क्यू, कप्पा, लॅम्डा अशा प्रत्येक रोगप्रतिकारक प्रथिनासाठी वेगळा काप, आणि त्यालाच चिकटणारी वेगळी अँटिबॉडी. तिला एफआयटीसी हा रंग जोडलेला असतो. निळा प्रकाश पडला की तो हिरवा चमकतो. खरी माहिती चमक कुठे आणि कशी दिसते यात आहे. ग्लोमेरुलसच्या (रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गुच्छाच्या) केशवाहिन्यांवर आयजीजीची सलग रेघ दिसली तर अँटी-जीबीएम आजार (यात अँटिबॉडी गाळणीच्या पडद्यावरच हल्ला करतात), म्हणजे उपचारांची घाई. तीच चमक कणीदार असेल तर मेम्ब्रेनस नेफ्रोपथी हा किडनीचा आजार. मेसँजियममध्ये (केशवाहिन्यांमधल्या आधार-ऊतीत) आयजीए ठळक दिसला तर आयजीए नेफ्रोपथी. तिचं निदान अशा अँटिबॉडी वापरून केलेल्या तपासणीशिवाय होत नाही.

बाटल्यांची झाकणं उघडू नका, लेबलं तपासा. दोन्ही तुकडे चुकून फॉर्मलिनमध्ये पडले असतील तर लॅबला आधीच सांगा. फॉर्मलिनमधला तुकडा पॅराफिन मेणात बसवतात; त्याच्या कापांवर प्रोनेज एन्झाइम वापरून थोडंफार वाचवता येतं, पण सी३ नीट दिसत नाही. दुसरी अडचण सुईची : तुकडा कॉर्टेक्सऐवजी (किडनीच्या बाहेरच्या थराऐवजी) मेड्युलातून (आतल्या भागातून) आला तर त्यात ग्लोमेरुलस नसतात आणि अहवालात ‘अपुरा नमुना’ येतो. तो दोष लॅबचा नव्हे.

प्रश्न : दुसरं मत घ्यायचं तर काय मागून घ्यावं?

उत्तर : पॅराफिन ब्लॉक आणि रंगवलेल्या स्लाइड. चमकणाऱ्या स्लाइड अंधारात, ४ अंशांवर ठेवल्या तरी फिक्या पडत जातात, म्हणून त्यांचे फोटो अहवालासोबतच मागा.