अर्थसाक्षरता वर्गाला जावे का?

प्रश्न : आमच्या वस्तीत कुटुंबांसाठी अर्थसाक्षरता वर्ग सुरू होत आहे. आमचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही. अशा वर्गाचा आम्हाला खरोखर उपयोग होईल का?

उत्तर : होईल, मात्र तिथे बचतीचा नुसता उपदेश न करता घरचा हिशेब मांडायला शिकवत असतील तर. जमाखर्चाची वही घेऊन पती-पत्नी दोघांनीही जावे, कारण एकालाच ठाऊक असलेले कर्ज घराच्या नियोजनात येतच नाही. दरमहा ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटते. परंतु थकबाकीवर चक्रवाढीने ते वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होते, आणि हे गणित स्वतः केले की कोणते कर्ज आधी फेडायचे ते वेगळे सांगावे लागत नाही. शिकवणारेच विमा किंवा गुंतवणूक योजना विकू लागले, तर तिथे सही मुळीच करू नये.